हायड्रोजनची भूक आणि शेजाऱ्यांची वीज

(यंदाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण संत साहित्य ऐकतो, आरोग्यावर डॉक्टर मंडळी बोलतात, आयकरावरही एकदा ऐकून झाले. यंदा कार्यवाहांनी एका निवृत्त वीज अभियंत्याला उभे केले आहे. त्यांचे धाडस मोठे. मी मात्र वेळेत संपवीन, कारण माझ्यानंतर प्रसाद आहे याची मला पूर्ण जाणीव आहे.

परवाचीच गोष्ट सांगतो. मुलांचे नृत्य रंगात आले होते आणि अचानक मंडपातले दिवे मंद झाले, ध्वनिक्षेपक घरघरू लागला. सगळ्यांनी वर पाहिले. मी मात्र मागे, साबुदाणा वड्याच्या स्टॉलकडे पाहिले. तिथे विजेवरची मोठी कढई नुकतीच चालू झाली होती. मंडपाची वायर तीच, दिवे तेच, ध्वनिक्षेपक तोच. पण त्या वायरवर एक नवा, मोठ्या भुकेचा पाहुणा आला आणि आधीपासून बसलेल्यांच्या पानात कमी पडू लागले. आपल्या कार्यवाहांनी काय केले? कढई बाहेर फेकली नाही. ‘कार्यक्रम संपेपर्यंत थांबा, मग तळा,’ एवढेच सांगितले. दिवे पूर्ववत झाले आणि वडेही मिळाले.

मंडळी, माझे आजचे सगळे व्याख्यान या कढईवर आहे. फक्त कढईच्या जागी हायड्रोजन तयार करणारे यंत्र घ्यायचे, आणि मंडपाच्या जागी एखादा तालुका.

पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे दोन घटक वेगळे होतात, एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. याला विद्युत अपघटन म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत बॅटरी आणि दोन परीक्षानळ्या घेऊन हे केले असेल. तेच मोठ्या प्रमाणावर करणारे यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलायझर. धूर नाही, राख नाही. हायड्रोजन जाळला तरी पुन्हा पाणीच तयार होते. म्हणून आज सगळ्या जगाचे लक्ष त्याकडे आहे. खत, पोलाद, तेलशुद्धी अशा ठिकाणी कोळसा आणि नैसर्गिक वायूच्या जागी तो वापरता येतो.

पण या यंत्राची भूक ऐका. एक किलो हायड्रोजन काढायला व्यवहारात पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. ज्या घरात महिन्याला दोनशे युनिट जळतात, त्या घराच्या अख्ख्या महिन्याच्या विजेत चार किलो हायड्रोजनही धड तयार होत नाही. आणि कारखान्यांना किलोने नव्हे, टनाने लागतो. एक टन अमोनिया करायला पावणेदोनशे किलोच्या वर हायड्रोजन लागतो, म्हणजे नऊ-दहा हजार युनिट.

ही गोष्ट नवी आहे असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी इथून शंभरेक किलोमीटरवर जाऊन पाहावे. आपण लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात ‘भाक्रा-नांगल’ असे एका दमात पाठ केले. त्यातल्या नांगलला १९६१ साली खताचा कारखाना सुरू झाला. त्या काळी खतासाठी लागणारा हायड्रोजन बहुधा कोळशापासून किंवा नाफ्थ्यापासून काढीत. नांगलच्या आसपास ना कोळसा होता, ना तेल. होती ती सतलजच्या पाण्यावरची वीज. भाक्रा धरण पुरे होत होते, वीज भरपूर मिळणार होती, आणि एवढी वीज घेणारे गिऱ्हाईक पंजाबात तेव्हा नव्हते. म्हणून ठरले की पाण्यातूनच हायड्रोजन काढायचा. इटलीच्या दे नोरा पद्धतीचे इलेक्ट्रोलायझर बसले. तासाला सुमारे तीस हजार घनमीटर हायड्रोजन! एका घनमीटरला पाच युनिटच्या आसपास धरा, म्हणजे तासाला दीड लाख युनिट, दीडशे मेगावॅटचा अखंड भार. भाक्र्याच्या डाव्या तीरावरच्या वीजघराची मूळ क्षमता साडेचारशे मेगावॅट होती. म्हणजे त्या वीजघराचा तिसरा हिस्सा हा एक पाहुणा जेवत होता. त्या काळातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या अशा कारखान्यांत त्याची गणना होई. तिथेच १९६२ साली देशातला पहिला जड पाण्याचा कारखानाही निघाला, कारण विद्युत अपघटन करता करता मागे उरणाऱ्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण वाढत जाते. एका विजेत खत, आणि वर अणुभट्टीसाठी जड पाणी. हिशेब सुंदर होता.

मग बिघडले कुठे? कारखाना वाईट नव्हता, धरणही वाईट नव्हते. शेजारी बदलले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हरित क्रांती आली. गव्हाच्या नव्या जातींना वेळेवर पाणी हवे होते, म्हणून पंजाब-हरियाणात कूपनलिका झपाट्याने वाढल्या. प्रत्येक कूपनलिकेवर मोटर. जी वीज ‘जास्तीची’ म्हणून कारखान्याला दिली होती, ती दहा वर्षांत जास्तीची राहिली नाही. त्यात धरणातले पाणी सोडायचे ते सिंचनाच्या गरजेप्रमाणे, विजेच्या गरजेप्रमाणे नव्हे. पावसाने ओढ दिली की हिवाळ्यात वीज कमी, आणि नेमका गव्हाला पाणी द्यायचा हंगाम तोच.

इथे माझा स्वतःचा संबंध येतो. मी सांगलीहून डिग्री घेऊन नोकरीसाठी या भागात आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. रोपडच्या बाजूच्या एका लहान उपकेंद्रात माझी नेमणूक झाली. पंजाबी येत नव्हते. एक वयोवृद्ध सरदारजी मला ‘काका’ म्हणून हाक मारीत. मला वाटे, हे आजोबांच्या वयाचे गृहस्थ, मला काका का म्हणतात? पुढे कळले की पंजाबीत ‘काका’ म्हणजे मुलगा. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना हसू येईल, पण मला ते कळायला महिना लागला.

१९७४ साली देशभर मॉन्सून कमी झाला होता. त्या हिवाळ्यात आमच्या उपकेंद्रातला फोन दिवसभर वाजत असे. वारंवारता घसरली, अमुक फीडर बंद करा, तमुक अर्ध्या तासाने सोडा. पंखे हिवाळ्यात बंदच असत, पण कंट्रोल रूममधले घड्याळही मागे पडे. वीज कारखान्यांना कमी, शहरांना कमी आणि शेतीलाही कमी. एका संध्याकाळी हे सरदारजी फाटकाशी आले. गव्हाची पेरणी होऊन एकवीस-बावीस दिवस झाले होते. शेतकी जाणणाऱ्यांना माहीत आहे की गव्हाचे पहिले पाणी याच सुमारास द्यावे लागते, कारण तेव्हा रोपाची खरी मुळे फुटतात. आणि खताचा दुसरा हप्ताही याच पाण्याबरोबर. ते म्हणाले, ‘काका, वीज कधी देणार तेवढे सांग.’

मला खरे तर काहीच माहीत नव्हते. पण समोर उभा असलेला म्हातारा माणूस, थंडी, आणि माझे वय. मी बोलून गेलो, ‘रात्री दोनला देतो.’ असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. दोनला वीज देता आली नाही, वरून हुकूम बदलला. पहाटे सहाला सायकलने खोलीवर जाताना मी त्यांना त्यांच्या मोटरीच्या खोपटाबाहेर पाहिले. रजई पांघरून, कंदील जवळ घेऊन, रात्रभर बसले होते. मला पाहून रागावले नाहीत. नुसते पाहिले. ते पाहणे मी आजवर विसरलेलो नाही.

आठवड्याने तालुक्याच्या गावी खताच्या डेपोसमोर रांगेत तेच भेटले. खताचाही त्या वर्षी देशभर तुटवडा होता. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पाण्याशिवाय खत टाकून काय करू, आणि खताशिवाय पाणी दिले तरी काय?’ मंडळी, पुढे वीज व्यवस्थेवर मी अनेक अहवाल वाचले, काही लिहिलेही. पण एवढ्या थोड्या शब्दांत तो पेच मला कुठे मांडलेला दिसला नाही. हायड्रोजनला वीज द्यावी तर मोटर बंद. मोटरीला द्यावी तर हायड्रोजन नाही, अमोनिया नाही, खत नाही. शेतकरी एकच, आणि त्याला दोन्ही हवे.

पुढे नांगलच्या कारखान्याने १९७८ मध्ये इंधन तेलापासून हायड्रोजन काढणारा नवा विभाग सुरू केला, आणि २०१३ मध्ये तो नैसर्गिक वायूवर गेला. नॉर्वेत, इजिप्तमध्ये अस्वानला, जलविद्युतवर चालणारे असेच मोठे कारखाने होते. त्यांचीही कथा थोड्याफार फरकाने हीच. वायू स्वस्त झाला आणि विजेला इतर गिऱ्हाइके मिळाली.

आता चक्र पुन्हा फिरले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचे लक्ष्य ठेवले आणि त्यासाठी सव्वाशे गिगावॅट नव्या अक्षय ऊर्जेची जोड सांगितली. पन्नास लाख टनांना पन्नास युनिट प्रति किलोने गुणून पाहा. अडीचशे अब्ज युनिट होतात. आज देशात वर्षभरात तयार होणाऱ्या एकूण विजेच्या हा साधारण सातवा हिस्सा. मध्य प्रदेशात गुना जिल्ह्यात विजयपूर येथे गेलने मे २०२४ मध्ये दहा मेगावॅटचा प्रकल्प सुरू केला, दिवसाला ४.३ टन हायड्रोजनचा. कांडला बंदरात जुलै २०२५ मध्ये एक मेगावॅटचा झाला. नांगलच्या मानाने ही बाळे आहेत, पण बाळे वाढतात.

आता आपण तालुक्याच्या पातळीवर उतरू. कारण ‘देशात वीज पुरेशी आहे’ असे म्हणणे वेगळे आणि ‘आमच्या उपकेंद्रात आहे’ असे म्हणणे वेगळे. गंगेत पाणी भरपूर असले तरी आपल्या नळाला येईलच असे नाही. नळ किती जाडीचा आहे हे पाहावे लागते.

पहिला परिणाम या नळावर होतो. दहा मेगावॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला दोन लाख चाळीस हजार युनिट घेते. दोनशे युनिटवाली छत्तीस हजार घरे एवढी वीज वापरतात. ग्रामीण भागातले एक लहान उपकेंद्र साधारण पाच-दहा मेगावॅटचेच असते. म्हणजे असा एक कारखाना आला की अख्ख्या उपकेंद्राएवढा भार एका फाटकाच्या आत. ट्रान्सफॉर्मर तापतो, लांबच्या टोकाला व्होल्टेज पडते, आणि टोकाला असतो तो शेवटच्या वस्तीचा पंप. उपाय आहे. अशा यंत्राला थेट वरच्या दाबाची स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्यायचा. मग प्रश्न उरतो तो खर्चाचा. तो कारखान्याने भरायचा की सगळ्या ग्राहकांच्या बिलात वाटायचा? हरित हायड्रोजनसाठी आंतरराज्य पारेषण शुल्कात सूट दिलेली आहे. नवा उद्योग उभा राहावा म्हणून अशी सूट देण्यात गैर नाही. पण तारा फुकट लागत नाहीत, एकाने दिले नाही ते दुसऱ्यावर जाते, हे आपल्याला ठाऊक असावे.

दुसरा परिणाम विजेच्या प्रतीवर. आपल्या तारेतून येते ती एसी, इलेक्ट्रोलायझरला लागते डीसी. मधे रेक्टिफायर बसवावा लागतो. तो करंट सलग न ओढता तुकड्यातुकड्याने ओढतो. त्यामुळे पन्नास हर्ट्झच्या मूळ लहरीत उपऱ्या लहरी मिसळतात, त्यांना आम्ही हार्मोनिक्स म्हणतो. तंबोरा लागलेला असताना शेजारी कोणी भलताच सूर धरावा तसे. दिवे लागतात, पण शेजाऱ्यांच्या मोटरी जास्त तापतात आणि कॅपॅसिटर लवकर जातात. चांगले फिल्टर बसवले आणि त्यांची नियमित तपासणी केली तर हे आटोक्यात राहते. खर्च वाचवायला फिल्टर कमी केले तर दुरुस्तीचे बिल शेजारी भरतो, आणि का भरतो हे त्याला कळतही नाही.

तिसरा परिणाम वेळेचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. एक मेगावॅटच्या सौर पॅनेलमधून दिवसाला चार-पाच हजार युनिट मिळतात. विजयपूरच्या प्रकल्पाला जोडून सुमारे वीस मेगावॅट सौर वीज योजिली आहे. तिचे दिवसाला फार तर एक लाख युनिट धरा. यंत्र पूर्ण वेळ चालवायला लागतात दोन लाख चाळीस हजार. उरलेली वीज तारेवरून आणावी लागते, नाहीतर यंत्र कमी चालवावे लागते. हा कोणा एका प्रकल्पाचा दोष नाही, सूर्याच्या वेळापत्रकाचा आहे. मालकाला साहजिकच वाटते की महागाचे यंत्र सूर्य मावळला म्हणून का बंद ठेवू? पण संध्याकाळी सात ते दहा आपण सगळे दिवे, पंखे, एसी लावून बसतो. त्याच वेळी यंत्रही चालले तर तालुक्यातला ताण दुप्पट होतो आणि ती जादा वीज बहुधा कोळशाची असते. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या विजेवर एक किलो हायड्रोजन केला तर पस्तीस किलोच्या पुढे जातो. नैसर्गिक वायूपासून केला तरी दहा किलोच्या आसपासच सुटतो! म्हणजे हरित म्हणता म्हणता काळे पदरात पडायचे. आपल्या सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली, किलोमागे जास्तीत जास्त दोन किलो, पण ती बारा महिन्यांच्या सरासरीवर. युरोपने २०३० पासून तासाला तास जुळवण्याचा नियम केला आहे. सरासरीवर तालुक्याचे उपकेंद्र चालत नाही. ते त्या तासाच्या भारावर चालते.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग नकोच हे यंत्र. तसे मुळीच नाही. हेच यंत्र ग्रिडचा मोठा मित्र होऊ शकते. २०२५ साली राजस्थानात दुपारची सौर वीज वाहून न्यायला पुरेशा पारेषण लाइन नव्हत्या म्हणून काही प्रकल्पांना उत्पादन कमी करावे लागले. सूर्य तळपतो आहे आणि वीज वाया जाते आहे. तिथेच शेजारी इलेक्ट्रोलायझर असता तर ती वीज हायड्रोजन होऊन साठली असती, लांबच्या लाइनवरचा भारही हलका झाला असता. आणखी एक गुण आहे. घरातला दिवा किंवा रुग्णालय अचानक बंद करता येत नाही, पण इलेक्ट्रोलायझरचा भार झपाट्याने कमी करता येतो. पडद्याच्या पद्धतीची नवी यंत्रे यात फार चपळ आहेत. जुन्या अल्कली पद्धतीच्या यंत्रांना एका मर्यादेखाली नेता येत नाही, कारण दोन्ही वायू एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. तरी तीही बरीच खाली येतात. जुलै २०१२ मध्ये दोन दिवस लागोपाठ उत्तर भारत अंधारात गेला होता, ते चंदीगडकर विसरलेले नाहीत. अशा प्रसंगी काही सेकंदांत मोठा भार उतरवणारा समंजस ग्राहक ग्रिडला हवाच असतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. इलेक्ट्रोलायझर ओझे ठरणार की आधार, हे तो कुठे बसतो आणि कोणत्या तासाला वीज घेतो यावर ठरते. हे आधी ठरवायचे, कागदावर लिहायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे. उद्या आपल्या मुलांच्या गावाजवळ असा प्रकल्प आला आणि जनसुनावणी झाली, तर तिथे जाऊन तीन प्रश्न विचारा. यंत्राची लाइन आणि ट्रान्सफॉर्मर वेगळा आहे का, आणि त्याचा खर्च कोण देणार? संध्याकाळी सात ते दहा यंत्र किती भारावर चालणार? आणि वीज टंचाई झाली तर आधी कोणाची कापणार, यंत्राची की पंपाची? आपल्यातले जे अजून सेवेत आहेत, ज्यांच्या टेबलावरून अशा मंजुरीच्या फायली जातात, त्यांनी हे प्रश्न कोणी विचारण्याची वाट पाहू नये.

नांगलच्या वेळी वीज जास्तीची होती तेव्हा हे कोणी लिहून ठेवले नाही. टंचाई आली तेव्हा निर्णय फोनवर, तासातासाला झाले, आणि त्याची माहिती सर्वांत शेवटी पोचली ती खोपटाबाहेर बसलेल्या माणसाला. लोक वाटून घ्यायला तयार असतात हो. तो म्हातारा मला ‘मला आधी दे’ असे म्हणाला नव्हता. कधी देणार, एवढेच त्याने विचारले होते. त्याचे खरे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून मी खोटे दिले. निदान पुढच्या पिढीच्या अभियंत्यावर ती वेळ येऊ नये.

आता कार्यक्रम संपला आहे, तेव्हा कढई चालू करायला हरकत नाही.

गणपती बाप्पा मोरया!